मदत हवी आहे: पहिल्यांदाच स्कीइंग, हातात दोनच दिवस

नमस्कार मंडळी. येत्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं डोंगरावरच्या एका स्की रिसॉर्टला जातोय. दोघांना बऱ्यापैकी येतं, मी आणि बहीण मात्र कोरी पाटी.

मुख्य प्रश्न बुटांचा. भाड्याचा बूट घट्टच हवा, सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली तरी गुडघे वाकवले की थोडी मागे सरकायला हवीत, एवढं वाचलंय. पण घट्ट बूट आणि चुकीच्या मापाचा बूट, यातला फरक तिथे उभ्या उभ्या कळणार कसा? आणि मोजे? माझ्या मते एकच जोडी (दोन घातल्या की सुरकुत्या पडून पाय सोलवटतो), पण बहीण ऐकेल तर शपथ. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून लावतात, तिथे तरी खरं वजन सांग, एवढं तिला पटवलंय.

दुसरं, शनिवारी सकाळी प्रशिक्षकाकडे दोन तास शिकून दुपारी सोप्या उतारावर जाता येईल का? की दिवसभर स्कीची टोकं जवळ आणून थांबण्याचाच सराव करावा? सोबतचे दोघं म्हणतात, 'चला वरती, जमेल!' त्यांच्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

हेल्मेट, गॉगल, सनस्क्रीन घेतलंय. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो, त्यामुळे ढग असले तरी फासणार.

आणि हो, उतारावर पडल्यावर उठायचं कसं, तेही कुणीतरी नीट सांगा. पडणार हे नक्की आहे.