प्रति: हत्थाजोडी ही मुळी नव्हे
हत्थाजोडीसारख्या वस्तूंसाठी प्राणी मारणारे शिकारी पकडले की प्रश्न मिटेल, हे मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते मला अर्धंच पटतं. घेणाऱ्यालाच आपण काय घेतोय हे ठाऊक नसतं. नौपाड्यातल्या माझ्या मावशीने भरभराटीसाठी 'हत्थाजोडी' आणली होती, शेंदूर लावून चांदीच्या डबीत. विकणारा म्हणाला, विंध्यातली दुर्मिळ मुळी. निघालं नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय! (तानाजीच्या यशवंती घोरपडीचे भाईबंद हो.) घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, व्यापाराला किमान ३ वर्षं कैद. 'इंद्रजाल' म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावतात तेही झाड नसतं, समुद्रातलं प्रवाळ, म्हणजे प्राणीच, असतं.

मावशीला कायदा सांगून ढिम्म फरक पडला नाही. ते नक्की काय आहे हे कळल्यावर मात्र डबी त्याच संध्याकाळी देवघराबाहेर.