रक्ताऐवजी लाळ तपासून आमवाताची सूज कळू शकेल का?

प्रश्न : आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. आईला आमवात असल्यामुळे ठरावीक काळाने सीआरपी (सूज आल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) आणि ईएसआर (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या कराव्या लागतात, आणि शीर सापडत नसल्याने प्रत्येक वेळी तिचे हाल होतात. सूज दर्शवणारी प्रथिने लाळेतही असतात, असे वाचले. मग रक्ताऐवजी लाळ देऊन भागेल का?

उत्तर 1 : मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो. सध्या तरी भागणार नाही. सीआरपी मुख्यतः यकृतात, इंटरल्यूकिन-6 या प्रथिनाच्या इशाऱ्यावर तयार होते. 1930 मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. रक्तातील सीआरपी सुमारे 19 तासांत निम्मे होत असल्याने सूज ओसरली की काही दिवसांतच आकडा खाली येतो. ईएसआर मात्र सावकाश उतरतो आणि रक्तक्षय असला तरी वाढलेला दिसतो. लाळेत सीआरपी येते ते बहुतांशी रक्तातून झिरपून, अत्यल्प प्रमाणात. त्यातच आमवाताच्या अनेक रुग्णांचे तोंड कोरडे पडते, त्यामुळे लाळेतील प्रमाण आणखी बदलते. अशा आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवणे मला धोक्याचे वाटते. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर सीआरपी मोजणारी यंत्रे मात्र उपलब्ध आहेत. तशी सोय जवळपास आहे का, हे अवश्य विचारा.

उत्तर 2 : दंतवैद्य म्हणून थोडी भर घालते. लाळ सर्वांत आधी तोंडाची हकिकत सांगते. हिरड्यांचा जुना पायोरिया असेल, तर एमएमपी-8 आणि इंटरल्यूकिन-1 बीटा ही सूज दर्शवणारी प्रथिने लाळेत वाढतात, आणि ती वाढ सांध्यांमुळे आहे की हिरड्यांमुळे, हे वेगळे काढता येत नाही. तरीही हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नका. पायोरियातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जिवाणूकडे असे विकर (एन्झाइम) असते, की जे प्रथिनांतील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते. आमवात ओळखण्यासाठीच्या अँटी-सीसीपी या रक्ततपासणीत आपण शोधतो ती प्रतिपिंडे अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध असतात. त्यामुळे काही रुग्णांत आमवाताची सुरुवात हिरड्यांतून होत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आईंच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येते का?

प्रश्नकर्ता : हो डॉक्टर, येते. आम्ही ते वयामुळे असेल असे समजत होतो.

उत्तर 2 : ते वयामुळे नसते. या आठवड्यातच दंतवैद्यांना दाखवा आणि आमवाताच्या औषधांची यादी सोबत न्या, विशेषतः मेथोट्रेक्सेट चालू असेल तर.