जुना कोअर टू ड्युओ आणि डेल्टा १०१० एलटी: टकटक, घुमारा आणि मुका कंडेन्सर माइक

पेटी_ऐरोली

नमस्कार मंडळी. घरच्या घरी भजनं रेकॉर्ड करायची आहेत. पेटी, तबला, एक गायिका, पट्टी पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा सा). हाताशी कोअर टू ड्युओ ई८४०० चा टॉवर, ४ जीबी रॅम, विंडोज ७, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि पीसीआय स्लॉटमध्ये एम-ऑडिओचं डेल्टा १०१० एलटी कार्ड. तबल्याचे माइक एका जुन्या छोट्या मिक्सरमधून कार्डाच्या आरसीए (गोल ऑडिओ जॅक) ३-४ ला. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा) १२८.

अडचणी तीन. मधूनच 'टक्' असा आवाज येतो. मागे सतत घुमतं, आणि तानपुरा लावला की त्याच्याबरोबर हेलकावतं. कंडेन्सर माइक कार्डाच्या एक्सएलआरला (तीन पिनांचं माइकचं सॉकेट) लावला तर काहीच येत नाही, डायनॅमिक मात्र चालतो. नवीन यूएसबी इंटरफेस घ्यावा की यातच जमेल?

खारेगाव_ध्वनी

यातच जमेल. चार ट्रॅक घेणं या मशीनला अजिबात जड नाही. ४८/२४ ला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी होतो, म्हणजे चार ट्रॅकचा एक तास जेमतेम २ जीबी. रॅम किंवा प्रोसेसरवर पैसे घालू नका.

सोपं आधी. १०१० एलटीच्या दोन एक्सएलआरना प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आहे, पण ४८ व्होल्टचा फँटम (कंडेन्सरला केबलमधूनच लागणारी वीज) नाही. कंडेन्सर मुका राहणारच. माइक आणि कार्डाच्या मधे फँटम सप्लायचा वेगळा डबा लावा, किंवा मिक्सरला फँटम असेल तर माइक तिथे लावा. मिक्सरचा आउट कार्डाच्या एक्सएलआरला द्यायचा झाला तर आधी कार्डावरचे जंपर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या) माइकवरून लाइनवर, म्हणजे मिक्सरसारख्या मोठ्या सिग्नलच्या जागी, न्या. माइकच्या जागी ठेवलेत तर आवाज फाटेल, आणि फेडर खाली ओढून ते सुधारत नाही, कारण सिग्नल प्रीअँपमध्येच कापला जातो.

आता टकटक. १२८ चा बफर तुम्ही गायिकेला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून ठेवला असणार. त्याची गरज नाही. डेल्टाच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॅचबे/राउटरच्या पानावर आउट १-२ ला 'मॉनिटर मिक्सर' निवडा आणि रीपरमधलं इनपुट मॉनिटरिंग बंद करा. मग आवाज कार्डातल्या कार्डात फिरून हेडफोनला जातो, विंडोजच्या वाटेला जातच नाही. आता बफर बिनधास्त १०२४ करा. तो २१ मिलिसेकंदांचा होतो, पण गाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तरी टक् राहिला, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाची मूळ सेटिंग) स्पीडस्टेप आणि सी१ई, म्हणजे वीज वाचवायला प्रोसेसर मंदावणाऱ्या सोयी, बंद करा, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल करा. लेटन्सीमॉन (आवाज अडवणारा ड्रायव्हर शोधणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवलंत की अडवणारा ड्रायव्हर नावानिशी दिसतो. आणि पॅनलमध्ये मास्टर क्लॉक (कार्ड कोणाच्या ठोक्यावर चालतं ते) 'इंटर्नल'वर आहे ना, तेही बघा. एस/पीडीआयएफ (बाहेरची डिजिटल ऑडिओ जोडणी) वर राहिला आणि तिथे धड सिग्नल नसला, तर टकटक होते, कधी वेगही बिघडतो.

विंडोज ७ वरच राहा, पण रेकॉर्डिंगच्या मशीनला इंटरनेट देऊ नका. पुढेमागे लिनक्सवर जायचं झालं तर या कार्डाची आयसीई१७१२ चिप तिथे नीट चालते.

सर्किट_कोपरखैरणे

घुमाऱ्याबद्दल. तो तानपुऱ्याबरोबर हेलकावतो, हा फार कामाचा धागा दिलात. पांढरी पाचच्या तानपुऱ्याचा खर्ज (सर्वांत खालची सा ची तार) ९८ हर्ट्झचा. मागे १०० हर्ट्झ घुमत असेल तर दोघांत सेकंदाला दोन लाटा उठतात. घड्याळ लावून मोजा. दोनच भरल्या तर बहुतेक दोष मिक्सरच्या पॉवर सप्लायमध्ये आहे: ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) गेली की तिचा तरंग १०० चा होतो, आणि फिल्टर कॅपॅसिटर सुकला की तो गाळला जात नाही.

खात्री अशी करा. मिक्सरच्या आरसीए केबल कॉम्प्युटरपासून पूर्ण काढा आणि मिक्सरलाच हेडफोन लावून ऐका. तरीही घुमत असेल तर कॅपॅसिटर बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचा, पट्टीची बाजू निगेटिव्हला. प्लग काढून, जुन्याचे व्होल्ट मीटरने शून्य झालेले बघूनच हात घाला.

केबल काढल्यावर शांत झालं तर मात्र तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. आरसीए अनबॅलन्स्ड असते, म्हणजे बाहेरची गुणगुण सहज पकडते, म्हणून केबल दोन मीटरच्या आत ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर मधे १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन कापून घुमारा घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माइकची जाळी गाणारीच्या ओठाला लागत असते, तिथे झटका बसतो.

पेटी_ऐरोली

मोजल्या. दहा सेकंदांत वीस लाटा. मिक्सर एकटाही घुमतोय. मॉनिटर मिक्सर आणि १०२४ केल्यावर टक् जवळजवळ गेला. बायोसमधलं सी१ई मात्र बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू दिसतं.

खारेगाव_ध्वनी

मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मेन स्विच बंद केला की बायोस मूळ सेटिंगवर जातो. तारीखही मागे गेलेली दिसेल. मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर नवा घाला आणि सेटिंग पुन्हा करा.

कॅबिनेट उघडलंच आहे तर डेल्टा कार्ड बाहेर काढा. खाडीच्या दमट हवेत त्याचे सोनेरी दात काळवंडतात आणि कार्ड मधेच गायब होतं. पांढऱ्या खोडरबरने हलके घासा, चुरा झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. जंपर एकदा काढून पुन्हा बसवा. पावसाळ्यात माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.