लॅपटॉप चालू होतो पण टिकत नाही, आपोआप बंद पडतोय, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, पाच वर्षं वापरातला लॅपटॉप आहे. गेल्या आठवड्यापासून चालू केला की दहा-बारा मिनिटं व्यवस्थित चालतो आणि मग एकदम बंद, निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, दिवा विझावा तसा. लगेच परत चालू केला तर दोन-तीन मिनिटांतच जातो. चार्जर लावून पण तेच आणि काढून पण तेच. बहिणीच्या प्रबंधाचं सगळं लिखाण यातच आहे, पुढच्या महिन्यात द्यायचाय, तिचा जीव टांगणीला लागलाय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसतेय, म्हणजे पॉवरचाच भाग गेला ना? बॅटरी बदलू की चार्जर, की विंडोज नव्याने टाकू?

प्रतिसाद :
विंडोजला आत्ता अजिबात हात लावू नका!! अर्ध्यात बंद पडला तर आहे तेही जाईल. आधी त्या दहा मिनिटांत फक्त प्रबंधाची फाईल पेनड्राईव्हवर घ्या, बाकी फोटोबिटो नंतर. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) काढून दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली तर तिच्याशिवाय काही उघडणार नाही.
४१ वरून काही ठरवू नका, मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं एवढंच ते सांगतं, का ते नाही.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनचा सेटिंग स्क्रीन) जाऊन नुसतं सोडून बघा, तिथे विंडोज चालूच नसतं, तरी बंद पडला तर दोष हार्डवेअरचा. तिथे तासभर टिकला म्हणून मात्र हार्डवेअर सुटलं असं समजू नका, बायोसमध्ये प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही.
चार्जर लावून आणि काढून दोन्हीकडे तेच होतंय म्हणजे चार्जर आणि बॅटरी एकाच वेळी गेल्यात असं मला तरी वाटत नाही. उगाच खर्च करू नका. फक्त टचपॅड वर उचललेला दिसतोय का बघा, तसं असेल तर बॅटरी फुगलीये, मग चार्ज करणं आणि वापरणं लगेच थांबवा आणि ती दाबायची-टोचायची नाही.

प्रतिसाद :
रॅम काढून परत बसवा, माझं त्यानेच गेलं होतं.

प्रतिसाद :
रॅमने बहुतेक वेळा निळा स्क्रीन येतो किंवा चालूच होत नाही. इथे खरी गोष्ट त्यांनी स्वतःच लिहिलीये, पहिल्यांदा दहा मिनिटं आणि लगेच लावला तर दोनच. गरम मशीन गरमच परत चालू केलं की मर्यादा लवकर गाठते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो आणि तरी नाही भागलं तर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. खात्री करायची तर तासभर पूर्ण थंड होऊ द्या, मग चालू करून घड्याळ लावा, परत दहा-बारा मिनिटंच आली तर उष्णताच. आणि पंख्याच्या आवाजावर जाऊ नका, जिथून गरम हवा बाहेर येते त्या जाळीपुढे हात धरा.

धागाकर्ता :
प्रबंध कॉपी झाला, बहीण आधी रडली आणि मग झोपली. थंड करून लावला, अकरा मिनिटं. पंख्याचा आवाज चांगला घोंघावत होता म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं, पण जाळीपुढे हात धरला तर हवाच नाही, वरची पट्टी मात्र चटका बसेल इतकी तापलेली. मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर आधी काढली, वरून तर सगळं स्वच्छच दिसत होतं. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो बाजूला घेतला तेव्हा दिसलं, पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये राखाडी धुळीचा जाजमासारखा घट्ट थर, चिमट्याने धरला तर एका तुकड्यात अख्खी पट्टी निघून आली. आता सलग चार तास चालू आहे!! मनापासून आभार. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उचलून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट पण बदलू का?

प्रतिसाद :
वा, बरं वाटलं वाचून. पाच वर्षांत ती वाळली असणार, बदलाच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, नवी वाटाण्याहून लहान ठिपका पुरे. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेक १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, बसवताना त्याच क्रमाने आणि प्रत्येक थोडा थोडा आवळत जा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर दाब एका कडेला पडतो. हवेचा फवारा मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, गरगरू देऊ नका, बेअरिंग जातं.