बाजारभावाचं पान क्रोममधी नीट दिसायलंय, आयफोनवर मात्र विस्कटतंय, काय करावं?

मांजराकाठ (प्रश्न)
राम राम मंडळी. लातूरला नात्यातल्या एका आडत दुकानासाठी सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव दाखवणारं पान बनवलंय, साधं एचटीएमएल, सीएसएस आन थोडी जावास्क्रिप्ट. विंडोज लॅपटॉपवर क्रोम, एज, ऑपेरा तिन्हीत झकास दिसायलंय, पण आयफोनवर उघडलं की तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट', खालचं 'फोन करा' बटण अर्धं अ‍ॅड्रेसच्या पट्टीमागं, आन 'किंमत', 'क्विंटल' ह्या शब्दांच्या वेलांट्या वरून कापलेल्या. त्याच आयफोनवर क्रोम टाकून बघितलं तर त्यातबी तसंच, मग ही सफारीची (आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरची) अडचण कशी म्हणावी? गावातला माणूस फोनवर भाव बघून माल आणायचा का घरीच ठेवायचा ते ठरवतो, तारीखच दिसली नाही तर तो भाव आजचा का परवाचा त्याला कसं कळावं. मॅक नाही आपल्याकडं आन घेणं बी होणार नाही.

गोदाकाठ_नांदेड
भाऊ, क्रोम, एज, ऑपेरा मिळून तुमची एकच तपासणी झाली धरा. तिन्हीच्या आत क्रोमियम आहे, म्हणजे पान उभं करणारं इंजिन एकच, एज तर २०२० पासून त्याच्यावर आलं. आन आयफोनवरच्या क्रोमच्या आत अ‍ॅपलचं वेबकिट इंजिनच असतंय, म्हणजे जे सफारीत तेच. युरोपात २०२४ पासून दुसरं इंजिन चालवायची मुभा झालीय, आपल्याकडं नाही. म्हणून ब्राउझर मोजू नका, इंजिन मोजा: क्रोमचं, फायरफॉक्सचं आन वेबकिट. मॅक नसला तरी प्लेराइट हे पानं तपासायचं साधन फुकट आहे, त्याच्यासंगं येणारं वेबकिट विंडोजवर चालतंय. मात्र आयफोनची पट्टी आन फॉन्ट त्यात दिसत नाहीत, त्याला कुणाचातरी खरा फोन हातात घ्यावाच लागतो.

तारखेचं म्हणाल तर डेटाबेसमधून तारीख आन वेळ मधी नुसती मोकळी जागा सोडून येत असणार. क्रोम ते समजून घेतं, जुनी सफारी घेत नाही, कारण स्टँडर्डमधी ते रूपच नाही, तिथं मधी कॅपिटल टी पाहिजे. तो टाका नाहीतर वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून तारीख बनवा, हे दुसरं जास्त भरवशाचं. बटणाच्या डब्याला १०० व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) दिलेलं असणार, ती उंची पट्टी आत गेली असं धरून मोजली जाते. त्या ओळीच्या खाली अजून एक ओळ लिहा १०० डीव्हीएचची (ही त्या घडीला खरंच दिसणारी उंची धरते), सफारी १५.४ पासून चालतंय, ज्याला कळत नाही तो ती सोडून वरचीच घेतो.

बालाघाट_बीड
दादा, वेलांटीचं मी सांगते, मराठी साइट करताना माझा सगळ्यात जास्त वेळ ह्याच्यातच जातो. तुम्ही फॉन्ट दिलेला नसणार किंवा नुसतं मंगल लिहिलं असणार. मंगल विंडोजचा आहे, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो सान्स देवनागरी येतो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी, आणि प्रत्येकाची वरची-खालची जागा वेगळी, मग तुम्ही डब्याला पक्की उंची देऊन ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपवणं) केलं की वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जाणारच. नोटोची वॉफ२ (वेबसाठीची फॉन्ट) फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, हाइट काढून मिन-हाइट (कमीत कमी उंची) करा, लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजी टेम्प्लेटमधून उचललेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) असलं तर तेही काढा, शिरोरेषा तुटते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला फार त्रास होतो.

खडकपूर्णा
मी थोडं वेगळं म्हणतो. सगळ्या फोनवर डिट्टो सारखं दिसावं म्हणून जीव काढू नका, कोपऱ्याची गोलाई कमीजास्त झाली तर भाव बघणाऱ्याला काय फरक पडतो. तारीख, भाव आन फोन नंबर, हे तीन सगळीकडं दिसलेच पाहिजेत. तारीख आन भाव सर्व्हरवरूनच एचटीएमएलमधी लिहून पाठवा ना, स्क्रिप्ट अडली तरी पान वाचता येईल. आन बटणाला साधी टेल लिंक द्या, दाबली की फोन लागतो ती.

मांजराकाठ
लै आभार सगळ्यांचे. टी टाकल्यावर तारीख आली, डीव्हीएचनं बटण वर आलं, ताईंनी सांगितलेला फॉन्ट टाकल्यावर वेलांट्या बी पूर्ण दिसायल्यात. तारीख सर्व्हरवरून पाठवायचं आज रात्री करतो. एक राहिलंय, दुकानातल्या मुनीमजींच्या आयफोन ६ वर भावाचे चौकोन एकमेकाला चिकटून दिसतात, मी फ्लेक्सला (चौकोन ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत) गॅप दिलाय.

गोदाकाठ_नांदेड
आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढं जात नाही आन फ्लेक्समधला गॅप सफारीत १४.१ ला, म्हणजे २०२१ ला आला. सीएसएसच्या सपोर्ट्सनं (ब्राउझरला एखादी गोष्ट जमते का विचारणारा नियम) तपासायला जाऊ नका, तिथं गॅप चालतो असंच उत्तर येतं कारण ग्रिड ह्या मांडणीच्या दुसऱ्या पद्धतीत तो आधीपासून आहे. एक तर ग्रिड करा, नाहीतर चौकोनांना मार्जिन द्या, मुनीमजींच्या फोनवर दोन्ही चालतंय.