हळदीचा अर्क पीएलजीएमध्ये: ९४ टक्के आत, मग तळाला पूड कशाची?

प्रश्न:
अर्क बारीक कणांत भरण्यासाठी ५० मिग्रॅ पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं पॉलिमर, ५०:५०) आणि ५ मिग्रॅ ९५ टक्केवाला हळदीचा अर्क ५ मिली अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून १ टक्का पीव्हीएच्या (कण एकमेकांना चिकटू न देणारं, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) २० मिली द्रावणात थेंबथेंब सोडतो, ढवळत ठेवून अ‍ॅसिटोन उडवतो. कण १८० नॅनोमीटर. सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जीला (गुरुत्वाच्या १५,००० पट) ३० मिनिटं फिरवल्यावर वरच्या पाण्यात जेमतेम ६ टक्के करक्युमिन (हळदीतलं पिवळं रसायन) सापडतं, म्हणजे ९४ टक्के आत. पण रात्रभरात बाटलीच्या तळाला केशरी पूड बसते. पीएलजीए फुटतंय का?

उत्तर १:
पीएलजीए ठीक आहे, मोजणी चुकतेय. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. अ‍ॅसिटोन उडालं की पॉलिमरमध्ये न मावलेल्याचे हळूहळू स्फटिक होतात, १५,००० जीला ते कणांबरोबरच खाली बसतात आणि तुम्ही त्यांनाही 'आत' धरता. पीएलजीए न घालता एक बॅच करा, तीही भरघोस आकडा देईल.

पुडीचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकात क्रॉस पोलरायझरखाली (एकमेकांना आडव्या दोन ध्रुवक काचांमध्ये) पाहा. सुया चकाकल्या तर स्फटिक. हे पीएलजीए चकाकत नाही.

आधी १,००० जीला १० मिनिटं फिरवून मोठे स्फटिक बाजूला काढा. वरचं दुधाळ पिवळं पाणी मग १५,००० जीला. पहिला गाळ, कणांची गोळी आणि उरलेलं पाणी, तिन्ही अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घेऊन ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला शोषण मोजा. पीव्हीए साकळलं तर परत फिरवून मगच वाचा. मिथेनॉल नको, त्यात पीएलजीए विरघळत नाही, आतलं आतच राहतं. तिन्हींची बेरीज ५ मिग्रॅच्या जवळ यायलाच हवी. अर्क २.५ मिग्रॅवर आणा, पूड बरीच कमी होईल. बाटलीला फॉइल गुंडाळा.

उत्तर २:
पुढचा खड्डा रिलीजचा, म्हणजे कणांतून करक्युमिन किती बाहेर येतं ते मोजण्याचा आहे. पीएच ७.४ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना मोकळं करक्युमिन अर्ध्या तासात बहुतांश मोडतं, त्यामुळे बाहेर आलेलं मोजायच्या आधीच नाहीसं होतं. बफरमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं विरघळवणारं द्रव्य) घाला आणि शेजारी नुसत्या करक्युमिनची बाटली चालवा. डीपीपीएचमध्ये (अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी रंगाची चाचणी) ५१७ नॅनोमीटरला रिकाम्या कणांचा ब्लँक (तुलनेचा नमुना) हवाच, गढूळपणाही शोषण दाखवतो. ३० मिनिटांत आकडा कमी आला तर अर्क वाया गेला असं समजू नका, तो अजून कणांत आहे.

प्रश्नकर्ता:
हेच आवळ्याच्या पाण्यातल्या अर्कासाठी चालेल?

उत्तर १:
नाही. त्यातली टॅनिन पाण्यात विरघळतात, ती पीव्हीएच्या पाण्यात निघून जातील. तिथे कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचं पॉलिमर) आणि त्याला जोडून कण बनवणारं ट्रायपॉलिफॉस्फेट वापरा. १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात कायटोसान, पीएच ५ च्या आत; ६.५ च्या वर त्याचा विद्युतभार जातो आणि ते साकळतं. टॅनिन स्वतःच कायटोसानला धरतात, म्हणून अर्क पातळ करून सावकाश सोडा. किंचित निळसर धूसर झालं की थांबा. कापसासारखे गोळे दिसले तर अर्क जास्त झाला, ती बॅच टाकून द्या.