बाळाच्या जुलाबावर प्रोबायोटिकच्या कुप्या: द्याव्यात की नाही?

मृगसरी
पावसाळा लागला की आमच्या तालुक्याच्या गावात लहान मुलांच्या जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर 'चांगल्या जंतूंच्या' प्लास्टिकच्या कुप्या दिसतात. ओआरएसही (पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पुडी) असतं, पण तळाशी, आणि ते कसं पाजायचं हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: साध्या जुलाबात या कुप्यांवर पैसे घालवू नयेत. अमेरिका आणि कॅनडातले दोन मोठे अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, मिळून अठराशेवर मुलं. काहींना प्रोबायोटिक, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी पावडर. आजाराची तीव्रता, जुलाबाचे दिवस, कशातच फरक नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यातही नीट केलेल्या अभ्यासांपुरतं पाहिलं तर ४८ तासांनंतर जुलाब चालू राहण्यात बहुधा फरक पडत नाही.

सातारकर
ताई, तिथे दिलेले जंतू लॅक्टोबॅसिलस जातीचे. आपल्याकडच्या कुप्यांत बहुतेक वेळा बॅसिलस क्लॉसाय असतो. एकाचा निकाल दुसऱ्याच्या माथी कसा मारता? युरोपातली बालपोटविकार तज्ज्ञांची संघटना आजही काही ठरावीक जातींना, सौम्य का होईना, होकार देते. माझ्या नातीला तिसऱ्या दिवशी उतार पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मृगसरी
दादा, विषाणूचे जुलाब बहुधा काही दिवसांत आपले आपणच थांबतात. कुपी दिली नसती तर उतार चौथ्या दिवशी पडला असता की तिसऱ्याच, हे एका नातीवरून कळत नाही. आणि जात महत्त्वाची म्हणता ना, मग ज्या जातीची कुपी विकली जाते तिचाच पुरावा विक्रेत्याने द्यायला हवा.

औषधदुकान
मी काउंटरवर उभा असतो, म्हणून लिहितो. नुसतं ओआरएस दिलं की आई म्हणते, "औषध कुठाय?" मग ती दुसरीकडून अँटिबायोटिक घेते, नाहीतर मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून बाळाला देते. त्यापेक्षा कुपी बरी. ठणठणीत बाळाला तिने सहसा अपाय होत नाही.

आशा_वहिनी
भाऊ, तुमची अडचण खरी आहे, पण मग तिच्या हातात झिंक द्या ना! ते औषधच आहे: सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १०, पूर्ण १४ दिवस. शी घट्ट झाली की लोक चौथ्या दिवशी बंद करतात, तेवढं बजावून सांगा. ओआरएसची पुडी किती पाण्यात हेही दाखवा. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवलेली मी घरोघरी पाहते. इतकं खारट पाणी बाळाच्या जिवावर बेतू शकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचं, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्यातले मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. डोळे खोल गेले, लघवी होईना, शीतून रक्त आलं, मूल मलूल पडलं तर थेट दवाखाना.

सातारकर
वहिनी, कुपीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, परवडणाऱ्याने द्यावी. पण नातीच्या चिठ्ठीत झिंक नव्हतंच. अजून सुरू केलं तर चालेल का?

आशा_वहिनी
चालेल, आजपासूनच द्या. वय सांगून डोस विचारून घ्या.